निळ्या पडद्याचा पंचनामा

कॉम्प्युटर वरचेवर बंद पडू लागला की थोडीफार माहिती असलेला माणूस डिव्हाइस मॅनेजर उघडतो. ड्रायव्हर जुने झाले असतील, नवे टाकू, असा त्याचा हिशेब असतो. एखाद्या नावावर उजवे बटण दाबून तो प्रॉपर्टीजमध्ये शिरतो आणि तारीख वाचून उडतोच : २१ जून २००६. कीबोर्डचा ड्रायव्हर २००६ चा, माउसचा २००६ चा, हार्ड डिस्कचाही २००६ चा. इंटेलच्या चिपसेटपाशी तर कहरच. तिथे १८ जुलै १९६८ अशी तारीख असते. १९६८ साली विंडोज नव्हती, मायक्रोसॉफ्ट नव्हती, इंटेलचा पहिला मायक्रोप्रोसेसर बाजारात यायलाही तीन वर्षे बाकी होती.

दोन्ही तारखा मुद्दाम घातलेल्या आहेत. एकाच यंत्राला चालतील असे दोन ड्रायव्हर सापडले, तर यंत्राच्या ओळखक्रमांकाशी कोणाचा मेळ जास्त नेमका बसतो ते विंडोज आधी पाहते. तिथे बरोबरी झाली की तारखा पाहते आणि अलीकडचा ड्रायव्हर बसवते. मायक्रोसॉफ्टने स्वतःचा सर्वसाधारण ड्रायव्हर दर अपडेटला ताजी तारीख लावून पाठवला असता, तर यंत्र बनवणाऱ्या कंपनीने खास त्या यंत्रासाठी लिहिलेल्या ड्रायव्हरला त्याने बाजूला सारले असते. तसे होऊ नये म्हणून घरच्या ड्रायव्हरांवर कायमची २००६ ची तारीख. इंटेलने त्याच हेतूने १९६८ निवडले. १८ जुलै १९६८ हा त्या कंपनीच्या स्थापनेचा दिवस. अशा ड्रायव्हरची फाइल खरोखर किती नवी आहे हे आवृत्तीच्या क्रमांकावरून कळते.

म्हणजे जुना ड्रायव्हर ओळखण्याची पहिलीच खूण फसवी निघते. पुढच्याही काही खुणा तशाच आहेत. म्हणून तर दुरुस्तीच्या दुकानात ‘विंडोज मारून घ्या’ हा रामबाण उपाय झाला. सगळे पुसून नव्याने टाकले की खोटी-खरी खूण शोधायचे कामच उरत नाही. आठवड्याभराने तोच जुना ड्रायव्हर त्याच पेनड्राइव्हवरून पुन्हा बसतो आणि ग्राहक पुन्हा दारात येतो, ही गोष्ट वेगळी.

ड्रायव्हर हा खरे तर दुभाषा. विंडोजला एखाद्या वायफाय चिपची किंवा प्रिंटरची बोली येत नाही. प्रत्येक कंपनीची चिप वेगळी, तिच्या आतल्या खुणा वेगळ्या, तिला जागे करण्याचा आणि झोपवण्याचा क्रमही वेगळा. विंडोज ठरावीक भाषेत सांगते, ‘एवढा मजकूर पाठव’, आणि त्या चिपला समजेल अशा आज्ञांमध्ये ते उतरवण्याचे काम ड्रायव्हर करतो.

दुभाषा चुकला तर फार तर भाषांतर चुकावे. सगळी सभा उठून का जावी? याचे उत्तर दुभाषा बसतो कुठे, यात आहे. इंटेलच्या घराण्यातल्या प्रोसेसरांमध्ये अधिकाराच्या चार पायऱ्या असतात. विंडोज त्यांतल्या दोनच वापरते : सर्वांत आतली आणि सर्वांत बाहेरची. ब्राउझर, वर्ड, टॅली अशी मंडळी बाहेर सभामंडपात. आत गाभाऱ्यात विंडोजचे मूळ, म्हणजे कर्नल. सभामंडपात कोणी कोसळले तर त्याला उचलून बाहेर नेता येते, बाकीचे कामकाज चालू राहते. बहुतेक ड्रायव्हर मात्र कर्नलबरोबर गाभाऱ्यात बसतात, कारण यंत्राशी थेट आणि झटपट बोलायचे तर तिथेच बसावे लागते. आत भिंती नाहीत. एका ड्रायव्हरने चुकून मेमरीच्या भलत्या पत्त्यावर काही लिहिले, तर ते दुसऱ्या ड्रायव्हरच्या किंवा खुद्द कर्नलच्या वहीत उमटते.

अशी खाडाखोड लक्षात आली की विंडोज आपणहून थांबते. निळा पडदा म्हणजे कॉम्प्युटर मेला असे नव्हे, त्याने जाणूनबुजून काम बंद केले. बिघडलेल्या मेमरीवर विसंबून पुढे रेटले, तर तीच बिघडलेली माहिती हार्ड डिस्कवर लिहिली जाण्याचा धोका असतो. न जतन केलेले दोन परिच्छेद गेले तरी चालतील, पण वर्षभराचे हिशेब नासू नयेत, असा तो सौदा आहे.

या निळ्या पडद्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग २० एप्रिल १९९८ ला शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात झाला. बिल गेट्स मंचावर होते. त्यांचे सहकारी ख्रिस कापोसेला यांनी, नवे यंत्र जोडताच विंडोज ९८ ते कसे आपोआप ओळखते हे दाखवण्यासाठी, एक स्कॅनर कॉम्प्युटरला जोडला. ड्रायव्हर चढू लागला आणि मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर निळा रंग पसरला. सभागृहात हशा आणि टाळ्या. म्हणूनच आम्ही अजून विंडोज ९८ बाजारात आणलेली नाही, अशा अर्थाचे बोलून गेट्स यांनी वेळ मारून नेली.

हा योगायोग नव्हता. २००१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी लिनक्सच्या कर्नलचा कोड तपासला, तेव्हा ड्रायव्हरांमधले चुकांचे प्रमाण कर्नलच्या बाकी भागाच्या तिपटीपासून सातपटीपर्यंत निघाले. २००३ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांच्या एका निबंधाने विंडोज एक्सपीचा आकडा दिला : नोंदवल्या गेलेल्या अलीकडच्या बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरांमुळे. कर्नल एक कंपनी लिहिते आणि तो कोट्यवधी यंत्रांवर घासून-पुसून निघतो. ड्रायव्हर शेकडो कंपन्या लिहितात. एखादा हजारभर यंत्रांपुरताच असतो, आणि त्या यंत्राची विक्री थांबली की त्याच्याकडे कोणी फिरकत नाही.

३० जानेवारी २००७ ला विंडोज व्हिस्टा सर्वसामान्यांसाठी विक्रीला आली, तेव्हा हे आणखी ठळकपणे दिसले. व्हिस्टात पडद्यावर चित्र उमटवण्याची ड्रायव्हरची सारी घडीच बदलली होती. ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या कंपन्यांना ड्रायव्हर जवळजवळ नव्याने लिहावे लागले आणि ते वेळेत पिकले नाहीत. पुढे अमेरिकेतल्या एका खटल्यात मायक्रोसॉफ्टचा अंतर्गत पत्रव्यवहार उघड झाला. त्यातल्या तक्त्यानुसार २००७ मध्ये नोंदलेल्या व्हिस्टाच्या क्रॅशपैकी २८.८ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरांच्या नावावर होते आणि १७.९ टक्के खुद्द मायक्रोसॉफ्टच्या. शिव्या मात्र सगळ्या व्हिस्टाने खाल्ल्या.

ड्रायव्हर ही काही भाजी नव्हे. पडून राहिला म्हणून तो सडत नाही. फाइलमधला एक बिटही बदललेला नसतो. बदलते ती त्याच्याखालची जमीन. विंडोजच्या मोठ्या अपडेटने झोपवण्या-उठवण्याचा क्रम बदलतो, मेमरी वाटपाची पद्धत बदलते, आधी खपवून घेतलेली चूक आता पकडली जाते. जुना ड्रायव्हर जुन्या शिरस्त्याने वागत राहतो आणि कुठेतरी ठेचकाळतो.

कधी चूक पहिल्या दिवसापासून असते, पण उघडी पडायला निमित्त लागते. विंडोज मेमरीचा काही भाग, जागा कमी पडली की, तात्पुरता डिस्कवर हलवते आणि लागला की परत आणते. पण ड्रायव्हर अतितातडीच्या कामात असताना डिस्कवरून काही यायची वाट पाहणे निषिद्ध असते. तेव्हा हलवता येण्याजोग्या मेमरीला त्याने हात लावू नये, असा नियम आहे. तो मोडणारा ड्रायव्हर महिनोन्‌महिने सुखाने नांदू शकतो, कारण हवा तो भाग बहुतेक वेळा रॅममध्येच असतो. मग एके दिवशी ब्राउझरमध्ये चाळीस टॅब उघडतात, फोटोशॉपही चालू होते, नेमका तो भाग डिस्कवर जातो आणि पडद्यावर अक्षरे येतात : ‘ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’. ‘कालपर्यंत तर नीट चालत होता हो’, असे ग्राहक काकुळतीने सांगतो, तेव्हा तो खरेच बोलत असतो.

आता पंचनामा. पडद्यावरच्या त्या अक्षरांना स्टॉप कोड म्हणतात. तो गुन्ह्याचा प्रकार सांगतो, गुन्हेगार सांगतोच असे नाही. ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ असेल, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर ठरलेल्या मुदतीत उत्तर देऊ शकला नाही. ही मुदत मुळात अवघी दोन सेकंदांची असते. ती उलटली की विंडोज ग्राफिक्स कार्डाला हलवून पुन्हा जागे करते आणि तेही जमले नाही तर थांबते. ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ असेल, तर लॅपटॉप झोपताना किंवा उठताना कोणता तरी ड्रायव्हर हुकूम घेऊन गप्प बसला. ‘डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर’ दिसला, तर ती बहुधा हार्डवेअरने स्वतःच दिलेली तक्रार असते. तिथे ड्रायव्हरच्या मागे धावण्याआधी उष्णता, वीजपुरवठा आणि ओव्हरक्लॉकिंग पाहावे.

खरा दस्तऐवज सी ड्राइव्हवर विंडोजच्या फोल्डरात, मिनीडंप नावाच्या फोल्डरमध्ये असतो. कोसळण्याच्या क्षणी मेमरीत काय होते, कोणते ड्रायव्हर चढलेले होते, कोणी कोणाला हाक मारली होती, याची ती छोटी नोंद. ती लिहिण्याची तऱ्हा गमतीची आहे. त्या क्षणी विंडोजचा स्वतःच्या फाइल सिस्टमवरही भरवसा उरलेला नसतो. म्हणून मेमरीतले भाग हलवण्यासाठी डिस्कवर जी पेज फाइल असते, तिच्या राखीव जागेत ती थेट नोंद टाकते, आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला की त्या नोंदीची रीतसर फाइल बनते. डिस्क गच्च भरलेली असेल किंवा कोणी ‘वेग वाढवण्यासाठी’ पेज फाइल बंद करून ठेवली असेल, तर पंचनामाच होत नाही. साफसफाई करणारी काही सॉफ्टवेअरे झालेला पंचनामाही कचरा समजून पुसतात.

मिनीडंप वाचायला मायक्रोसॉफ्टचे विनडिबग हे साधन फुकट मिळते. त्यात ‘अ‍ॅनालाइझ’ची आज्ञा दिली की शेवटी संशयिताचे नाव येते. नवखा माणूस इथे हमखास फसतो. नाव बऱ्याचदा एनटीओएसकर्नल असे निघते. ती तर खुद्द कर्नलची फाइल. मग ‘विंडोजच खराब आहे’ असा निष्कर्ष निघतो आणि फॉरमॅट मारला जातो. चोर सोडून संन्याशाला फाशी. एका ड्रायव्हरने मेमरीत खाडाखोड करून काढता पाय घेतलेला असतो. काही मिनिटांनी कर्नल तिथे पोचतो, मजकूर जुळत नाही आणि तो कोसळतो. देह कर्नलच्या अंगणात सापडतो, एवढेच त्या नावाने सिद्ध होते.

म्हणून एका पंचनाम्यावर निकाल देऊ नये, चार-पाच शेजारी ठेवावेत. दर वेळी तोच स्टॉप कोड आणि तीच फाइल आली, तर संशय त्या ड्रायव्हरवर पक्का होत जातो. दर वेळी नवा कोड आणि नवी फाइल निघाली, आज ग्राफिक्स, उद्या नेटवर्क, परवा ब्राउझर, तर सगळे ड्रायव्हर एकदम बिघडले असे मानण्यापेक्षा रॅमची पट्टी सदोष आहे असे मानणे शहाणपणाचे. रात्रभर मेमरी टेस्ट लावून ठेवली की त्याचा सोक्षमोक्ष लागतो.

इव्हेंट व्ह्यूअरमधली एक नोंदही अनेकांना भलत्या वाटेला लावते : कर्नल-पॉवर, क्रमांक ४१. नावात ‘पॉवर’ आहे म्हणून लोक एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, बदलतात. त्या नोंदीचा अर्थ इतकाच, की मागच्या वेळी कॉम्प्युटर रीतसर बंद झाला नव्हता. ती उघडून बगचेक कोड पाहावा. तिथे शून्याखेरीज आकडा असेल तर निळा पडदा येऊन गेला. शून्य असेल तर तसा तो नोंदलाच गेला नाही; वीज गेली असेल, यंत्र तापून बंद पडले असेल किंवा कोणी वैतागून बटण दाबून धरले असेल. अशा वेळी एसएमपीएसवरचा संशय रास्त ठरतो.

याहून सोपे साधन म्हणजे रिलायबिलिटी मॉनिटर. तो दिवसवार आलेख दाखवतो : कोणत्या दिवशी काय कोसळले, कोणत्या दिवशी कोणता अपडेट किंवा ड्रायव्हर बसला. लाल फुल्यांची रांग जिथून सुरू होते, त्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत काय बसले ते पाहिले की अर्धे काम होते. समजा, एका लॅपटॉपवर विंडोजचा मोठा अपडेट १० तारखेला बसला, १२ पासून फुल्या सुरू झाल्या, आणि त्या सगळ्या झाकण उघडल्यानंतरच्या मिनिटातल्या आहेत. कोड दर वेळी ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ आणि मिनीडंपमध्ये वायफायची फाइल. इतके जुळल्यावर फॉरमॅट कशाला?

कधी संशयितांच्या यादीत अशा यंत्राचे नाव निघते, जे घरात नाहीच. पाच वर्षांपूर्वी काढून टाकलेला अँटिव्हायरस, कधीचा भंगारात गेलेला स्कॅनर, जुन्या नोकरीतले व्हीपीएन. भाडेकरू घर सोडून गेला, पण किल्ली त्याच्याकडेच राहिली. त्याचा ड्रायव्हर अजूनही रोज गाभाऱ्यात जाऊन बसतो. विंडोज सिक्युरिटीतला ‘मेमरी इंटिग्रिटी’चा पर्याय सुरू होत नसेल, तर तिथे अडचण करणाऱ्या ड्रायव्हरांची यादी मिळते. असे विसरलेले पाहुणे तिच्यात पुष्कळदा सापडतात.

इतके करूनही चोर हाती लागला नाही तर सापळा लावावा लागतो. विंडोज २००० पासून विंडोजमध्ये ड्रायव्हर व्हेरिफायर नावाची सोय आहे. निवडलेल्या ड्रायव्हरांवर ती कडक पहारा ठेवते. तिची एक युक्ती अशी : मेमरी ठरावीक आकाराच्या पानांत विभागलेली असते; ड्रायव्हरने मागितलेली मेमरी ती मुद्दाम पानाच्या अगदी कडेला देते आणि पुढचे पान कुलूपबंद ठेवते. ड्रायव्हरने हद्दीबाहेर एक बाइट जरी लिहिला, तरी तो तिथल्या तिथे, रंगेहाथ पकडला जातो. मग पंचनाम्यात कर्नलऐवजी खऱ्या आरोपीचे नाव येते. पहारा लावताना मायक्रोसॉफ्टखेरीज इतरांचे ड्रायव्हर निवडावेत. आधी रिस्टोअर पॉइंट आणि महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप घ्यावा, कारण आरोपी सुरुवातीलाच चढणारा असला तर कॉम्प्युटर उठता-उठता कोसळत राहतो आणि सेफ मोडमध्ये जाऊन पहारा काढावा लागतो. काम झाल्यावरही तो काढायचाच. नाहीतर यंत्र विनाकारण संथ चालते.

असाच पहारा, पण ड्रायव्हर जन्माला येतानाच बसवायचा, या कल्पनेवर मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात टॉम बॉल आणि श्रीराम राजामणी यांनी २००० च्या सुमारास काम सुरू केले. त्यातून आलेले स्टॅटिक ड्रायव्हर व्हेरिफायर हे साधन ड्रायव्हर न चालवता, नुसता कोड वाचून, नियम कुठे मोडू शकतो ते दाखवत असे. राजामणी पुढे बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियात आले आणि तिचे प्रमुख झाले.

आरोपी सापडला की नवा ड्रायव्हर आणायचा कुठून? लॅपटॉप असेल तर आधी लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, त्याच मॉडेलचा. तिथे नसेल तर चिप बनवणाऱ्या कंपनीकडून. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर नवे’ असे सांगणाऱ्या सॉफ्टवेअरांपासून आणि पेनड्राइव्हवरच्या ड्रायव्हर पॅकपासून लांब राहावे. त्यातून जुळते-मिळते पण नेमके नसलेले ड्रायव्हर येऊ शकतात. शिवाय एकदम वीस गोष्टी बदलल्या की कशाने गुण आला आणि कशाने नवा रोग झाला, हे कळायचा मार्ग बंद होतो. एका वेळी एकच बदल. आणि तो केल्यावर शट डाउन नव्हे, रीस्टार्ट. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअपची सोय आल्यामुळे शट डाउन करताना कर्नल आणि त्यातले ड्रायव्हर डिस्कवर जसेच्या तसे गोठवून ठेवले जातात आणि सकाळी तेच वितळवले जातात. रोज रात्री बंद होणाऱ्या कॉम्प्युटरचा टास्क मॅनेजरमधला अप टाइम कधी कधी दहा दिवसांचा दिसतो, तो यामुळेच.

नवा ड्रायव्हर टाकला म्हणजे सुटलो, असेही समजू नये. १९ जुलै २०२४ च्या सकाळी, भारतीय वेळेनुसार ९ वाजून ३९ मिनिटांनी, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक छोटी फाइल जगभर पाठवली. कंपनीचा ड्रायव्हर कर्नलमध्ये बसणारा, अगदी ताजा आणि रीतसर सही झालेला. पण ती फाइल २१ रकान्यांची अपेक्षा निर्माण करत होती आणि प्रत्यक्षात २० च पुरवले जात होते. एकविसावा वाचायला ड्रायव्हर हद्दीबाहेर गेला आणि कोसळला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख कॉम्प्युटर बंद पडले. फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, पण तोवर जे कोसळले ते सुरू होतानाच पुन्हा कोसळत होते. एकेका यंत्रापाशी जाऊन, सेफ मोडमध्ये ती फाइल पुसावी लागली. त्या दिवशी भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. मुंबई आणि दिल्लीत अकासा एअरने चेक-इन हाताने सुरू केले.

या घटनेनंतर मायक्रोसॉफ्टने सुरक्षा सॉफ्टवेअरांना कर्नलबाहेर आणण्याचे काम हाती घेतले आणि २०२५ मध्ये विंडोज ११ च्या पडद्याचा निळा रंगही गेला. आता पडदा काळा असतो. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर आलेला रडका चेहरा आणि नंतर जोडलेला क्यूआर कोड त्यावर नाही. खाली स्टॉप कोड आणि संशयित ड्रायव्हरचे नाव छापलेले असते. अर्थात त्या नावालाही वर सांगितलेले सगळे लागू आहे.

दुरुस्ती झाली का, हे त्याच दिवशी सांगता येत नाही. क्रॅश रोज होत असेल तर दोन-तीन दिवस पुरतात. चार दिवसांतून एकदा होत असेल तर निदान पंधरवडा थांबावे लागते, आणि त्या काळात दुसरे काही नवे टाकायचे नसते. तोवर रिलायबिलिटी मॉनिटरच्या आलेखात रोज एक रकाना वाढत जातो. त्यात लाल फुली आली आहे की नाही, एवढेच पाहायचे.